मराठी बोला म्हणताय, शिकायचं कुठे?

पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय एप्रिल २०२५ मध्ये आला, जूनअखेर मागे घेतला गेला, आणि लगेच मीरा रोडला मराठी न बोलणाऱ्या दुकानदाराला मार बसला. तेव्हापासून गावाकडच्या ग्रुपवर एक प्रश्न फिरतोय: 'जर्मनीत गेले की मुकाट जर्मन शिकतात, मग इथे काय होतं?' जर्मनीत राहणारा म्हणून मला तो आवर्जून पाठवला जातो. प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच.

जर्मनीत माणसं शिकतात, कारण वर्ग आहे. २००५ पासून 'इंटिग्रेशन कोर्स' चालतो: सहाशे तासिका भाषेच्या, शंभर तासिका कायदा, इतिहास, समाजाच्या. अनेकांना तो सक्तीचा असतो. सरकार खर्चाचा मोठा वाटा उचलतं. सरकारी भत्त्यावर जगणाऱ्याला फी माफ.

आणि त्या वर्गातलं वातावरण! सीरियाचा बेकर, युक्रेनची अकाउंटंट, व्हिएतनामच्या आजी, सगळेच अडखळणारे. आजी वाक्याच्या मध्येच अडकल्या की अख्खा वर्ग थांबतो. शब्द कोणी पटकन पुरवत नाही. त्यांनी मान वर करून पाहिलं, तरच. तीन लिंगांची सवय असलेला मराठी माणूसही इथे गडबडतो, कारण टेबल पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी. त्यामुळे कोणी कोणाला हसत नाही. पुढची पाळी आपलीच, हे प्रत्येकाला माहीत असतं. या मायेचा तोटाही आहे. आमची जर्मन आम्हाला एकमेकांची झकास कळते, बाहेर दुकानात कोणाला कळत नाही. मग बाई जोड्या फोडतात, रागावतात. तेही हवंच.

आता आपल्याकडे पाहा. भाजीवाल्या भैयाने 'ताई, मेथी ताजा आहे' म्हटलं की आपण एकतर हसतो, नाहीतर सरळ हिंदीत भाव विचारतो. त्याने पुन्हा मराठीच्या वाटेला का जावं? बारा तास रिक्षा चालवून भांडुपच्या खोलीवर परतणाऱ्याला रात्री आठचा मराठीचा वर्ग सापडेल?

काहीच झालं नाही असं नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अमराठी प्रौढांसाठी 'माय मराठी' हा अभ्यासक्रम तयार केला. (जर्मन विभागाने! परकी भाषा कशी शिकवतात हे त्यांना ठाऊक, म्हणून असेल.) पण पुस्तक रिक्षावाल्यापर्यंत आपोआप पोचत नाही.

सक्तीला माझा विरोध नाही. मी स्वतः सक्तीच्याच देशात राहतो. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात, तिथे वर्ग भरवा. दुकानाची पाटी मराठीत आहे का ते बघायला जाल, तेव्हा त्या वर्गाचा पत्ता आणि वेळ छापलेला कागदही मालकाच्या हातात द्या. तो देऊनही कोणी 'नाही शिकणार, जा' म्हणाला, तर त्या वादात मी तुमच्या बाजूने आहे. हात न उचलता.