चायना ग्रासच्या डब्यात टीबी तपासता येत नाही

‘टीबीची तपासणी घरच्या घरी’ असा एक मेसेज सध्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. कृती अशी: एक वाटी पाण्यात चायना ग्रास (लॅबमधलं अगार ते हेच, असं मेसेज सांगतो) आणि अर्धी वाटी साखर घालून उकळा, स्वच्छ डब्यात ओता, घट्ट झालं की त्यावर सकाळचा बेडका टाका, झाकण लावा आणि डबा उबदार जागी ठेवा. तीन दिवसांत पांढरे ठिपके आले तर टीबी आहे. नाही आले तर टीबी नाही, गोळ्या बंद करा. पुढे आणखी तीन दावे आहेत. लॅबवाले याच कामाला सहा आठवडे लावतात, कारण तेवढ्या वेळात गोळ्या खपतात. टीबीचा जंतू ऑक्सिजनने मरतो, म्हणून प्राणायाम करा. आणि उरलासुरला जंतू हळद-मधाने जातो.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. असे मेसेज रोज येतात आणि एरवी मी ते पुसून टाकते. पण हा प्रयोग माझ्या आत्याने करून पाहिला. तिचा मुलगा टीबीच्या उपचारांच्या तिसऱ्या महिन्यात आहे. तिने डब्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘काही उगवलं नाही गं, आता याच्या गोळ्या थांबवू का?’ हा प्रश्न आणखी किती घरांत विचारला जात असेल, आणि तिथे उत्तर द्यायला कोणी असेल की नाही, या विचाराने हे लिहायला बसले.

सगळ्यात घातक भाग तीन दिवसांचा आहे, म्हणून आधी तोच घेते.

जंतू वाढतो म्हणजे एकाचे दोन होतात, दोनाचे चार. पोटातला ई. कोलाय हा जंतू चांगलं खाद्य आणि 37 अंश तापमान मिळालं की साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. टीबीच्या जंतूला एकदा दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो. नुसत्या डोळ्यांना ठिपका दिसायचा तर तिथे दहा लाखांच्या घरात जंतू जमावे लागतात. एका जंतूपासून तिथवर पोचायला वीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. ई. कोलाय ते काम सात तासांच्या आत उरकतो. टीबीला वीस दिवस लागतात, तेही सगळं मनासारखं मिळालं तर. तीन दिवसांत एका जंतूचे आठ-सोळा होतात. ते कुठल्याही डब्यात कोणालाही दिसणार नाहीत, आमच्या लॅबमध्येसुद्धा नाहीत.

हे मी पदरचं सांगत नाही. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जगापुढे मांडला, तेव्हाच हे सांगून ठेवलं आहे. जनावराच्या रक्तातला द्रव गरम करून घट्ट केलेल्या नळ्यांमध्ये त्याने हा जंतू वाढवला आणि त्या नळ्या 37-38 अंशांवर ठेवल्या. वाढ दिसायची ती दुसऱ्या आठवड्यात, सहसा दहाव्या दिवसानंतर, तीही बारीक कोरड्या ठिपक्यांच्या रूपात (एका जागी एकाऐवजी बरेच जंतू पडले की वीसपेक्षा कमी दिवस पुरतात). आधीच्या दिवसांत नळीत भराभर काही उगवलं तर ते दुसरेच जंतू, म्हणजे ती नळी बाद. मेसेजमध्ये ज्याला टीबीची खूण म्हटलंय, ती कॉखच्या हिशेबात नमुना बिघडल्याची खूण होती.

‘गोळ्या खपवायला सहा आठवडे लावतात’ या आरोपाचा निकालही इथेच लागतो. 1882 मध्ये टीबीवर एकही गोळी नव्हती. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं प्रभावी औषध सापडलं 1943 मध्ये. कॉख कोणाच्या गोळ्या खपवत होता? जंतू तेव्हाही सावकाश वाढत होता आणि आजही तसाच वाढतो. शिवाय आपल्याकडे सरकारी केंद्रात टीबीची औषधं फुकट मिळतात, आणि वर पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात महिन्याला 1000 रुपये जमा होतात.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. कल्चरचा, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याच्या चाचणीचा, रिपोर्ट यायला लागणारा वेळ रुग्णाला खरोखर जड जातो, आणि इतके दिवस का लागतात हे त्याला नीट समजावून सांगणारं सहसा कोणी नसतं. असे मेसेज त्या पोकळीतच वाढतात. पण निदानासाठी कोणी सहा आठवडे थांबवून ठेवत नाही. बेडका पसरलेली काच मायक्रोस्कोपखाली त्याच दिवशी बघता येते. सीबीनॅट मशीन साधारण दोन तासांत टीबी आहे की नाही हे सांगतं, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही सांगतं. कल्चर लावायचं ते अगदी थोडे जंतू असले तरी सापडावेत आणि बाकीच्या औषधांची चाचणी करता यावी म्हणून. मिलिलिटरला पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय काचेवर सहसा दिसत नाहीत. कल्चरला शंभरसुद्धा पुरतात.

आता चायना ग्रासबद्दल. लॅबमधलं अगार म्हणजेच चायना ग्रास, हे मेसेजमधलं विधान खरं आहे. ते लॅबमध्ये आलंही स्वयंपाकघरातूनच. कॉखच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेसे काम करत होता. त्याची बायको फॅनी जेलीसाठी अगार वापरायची, तिने ते सुचवलं. त्याआधी वापरात असलेलं जिलेटिन 37 अंशांवर पातळ व्हायचं, अगार घट्ट राहतं.

पण अगार घट्टपणा देतं, खाद्य देत नाही. बहुतेक जंतू ते खाऊच शकत नाहीत. खाद्य वेगळं घालावं लागतं आणि ते कोणाला वाढवायचंय त्यावर ठरतं. टीबीसाठी आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं घट्ट माध्यम म्हणजे लोवेन्स्टाइन-जेन्सन, आमच्या बोलण्यात एल-जे. त्यात अगार नसतंच. अंडी फेटून त्यात क्षार, ग्लिसरॉल आणि मॅलेकाइट ग्रीन हा हिरवा रंग घालतात आणि बाटली तिरकी ठेवून 85 अंशांवर अंडं गोठवतात. रंग शोभेचा नाही, तो इतर जंतूंना दाबून ठेवतो. आठवड्यांनंतर त्या फिक्या हिरव्या उतारावर खरबरीत, कोरडे, पिवळसर पांढरे कण उभे राहतात. सुईने उचलायला गेलं तर चटकन सुटत नाहीत.

आणि बेडका या बाटलीत थेट टाकत नाहीत. टीबी नसलेल्या धडधाकट माणसाच्या तोंडातही असंख्य जंतू असतात, आणि बेडका तोंडातूनच येतो. म्हणून आधी त्यात 4 टक्क्यांचं कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळतात. त्यात तोंडातले बहुतेक जंतू मरतात. टीबीच्या जंतूभोवती मेणासारखं जाड आवरण असतं, त्यामुळे तो काही वेळ तग धरतो. मग सोडा काढून टाकायचा, तळाशी बसलेला साका घ्यायचा आणि तो बाटलीत पेरायचा. हे सगळं बंदिस्त कॅबिनेटमध्ये, मास्क लावून. डब्यात थेट टाकलेल्या बेडक्यातून काही उगवलंच तर तोंडातलेच जंतू आणि बुरशी उगवतील. शेजारच्या निरोगी माणसाचा बेडका टाकलात तरी ठिपके येऊ शकतात.

मग आत्याच्या डब्यात काहीच का आलं नाही? त्या जेलीत खाण्यासारखं साखरेशिवाय काही नव्हतं. अशा अपुऱ्या खाद्यावर तीन दिवसांत दिसण्याइतकं काही वाढेलच असं नाही.  डबा रिकामा का राहिला याचं कारण डब्यातच शोधायचं. भावाच्या फुफ्फुसाबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

समजा, खऱ्या लॅबमध्ये खरं कल्चर लावलं आणि तिसऱ्या महिन्यात काही उगवलं नाही. तरीही गोळ्या बंद करायच्या नसतात. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं भराभर वाढणारे जंतू मारतात, म्हणून खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं. पण काही जंतू न वाढता दबून बसलेले असतात, त्यांच्यासाठी पुढचे चार महिने असतात. मध्येच सोडलं की तेच पुन्हा उठतात, आणि औषधाला दाद न देणारे होऊन उठण्याचा धोका असतो. शिवाय उगवलं नाही म्हणजे जंतू नाहीच, हेही खरं नाही. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टरने 1873 मध्ये पाहिला. आजपर्यंत तो कुठल्याही कृत्रिम माध्यमात वाढलेला नाही. म्हणून कुष्ठरोग नव्हता असं म्हणायचं का?

ऑक्सिजनचा दावा तर पूर्ण उलटा आहे. ऑक्सिजनने मरणारे जंतू असतात, उदाहरणार्थ धनुर्वाताचा वाढता जंतू. टीबीचा जंतू ऑक्सिजनशिवाय वाढतच नाही. एल-जेच्या बाटल्यांची झाकणं आम्ही सुरुवातीला मुद्दाम सैल ठेवतो, त्याला हवा मिळावी म्हणून. मोठ्यांमध्ये हा आजार बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात धरतो, आणि तिथे ऑक्सिजन जास्त असतो. प्राणायाम खुशाल करा, बरं वाटत असेल तर जरूर करा, पण जंतू त्याने मरत नाही.

हळद आणि मध लॅबमधल्या प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीत, काही जंतूंची वाढ रोखतात, हे खरं आहे. प्लेटवर ते जंतूच्या अंगावर थेट पडतात. चमचाभर खाल्लेलं तेवढ्या प्रमाणात फुफ्फुसात पोचत नाही. यावर आणखी काही लिहावं असं मला वाटत नाही.

आत्याला मी फोन करून सांगितलं की गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि दोन महिने पूर्ण झाल्यावरची बेडक्याची तपासणी राहिली असेल तर याच आठवड्यात करून घे. ज्यांनी असा डबा भरून ठेवला असेल त्यांनाही एक सांगायचंय. तो उघडून बघू नका, मोरीत धुऊ नका, उन्हातही ठेवू नका. ऊन थेट लागलं तर टीबीचा जंतू मरतो, पण झाकणाखाली सावलीत वाळलेल्या बेडक्यात तो बरेच दिवस टिकू शकतो. डबा आहे तसा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधा आणि जिथून गोळ्या मिळतात त्या आरोग्य केंद्रात, आत काय आहे ते सांगून, द्या.