एका फेरीबोटीचा लॅपटॉप

माझा गोलरक्षक आधी उजव्या खांबाजवळ उभा असतो, नंतर हवेत आडवा असतो आणि त्यानंतर चेंडू जाळ्यात असतो. या तीन अवस्थांच्या दरम्यान जे काही घडत असेल, ते पाहण्याचे भाग्य मला कित्येक महिने लाभले नाही. ज्या गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक देशाला दिला, त्याच गोव्यात बसून रोज आठ-आठ गोल खाणे ही नामुष्कीच होती. दोष माझ्या बोटांचा नसून लॅपटॉपचा आहे, अशी माझी ठाम समजूत होती आणि ती निम्मी तरी खरी निघाली.

हा लॅपटॉप मी सोसायटीचे हिशेब लिहिण्यासाठी घेतला होता व त्या कामात त्याने कधी कुरकुर केली नव्हती. गेल्या चवथीला फर्मागुढीला अभियांत्रिकी शिकणारा भाचा मांडवी नदीतल्या चोडण बेटावर आमच्या घरी आला आणि गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीची फळे उतरवायच्या आत त्याने त्यात फुटबॉलचा खेळ घालून दिला. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसण्याचीही त्याने सोय केली. तो आकडा होता 14.

"मामा, हा साठ हवा," तो म्हणाला. त्याने केलेला खुलासा असा की खेळ म्हणजे भराभर बदलणारी चित्रे. सेकंदाला 60 चित्रे निघायची तर एकेका चित्राला सुमारे 17 मिलिसेकंद मिळतात, आणि माझे यंत्र एका चित्रासाठी 71 मिलिसेकंद घेत होते. गोलरक्षकाला मधल्या वेळात काय होते, ते त्यामुळे कळत नव्हते. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, की या लॅपटॉपला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही. चित्रे काढणारा भाग प्रोसेसरच्याच चिपमध्ये आहे, आणि दोघांना मिळून 15 वॅट वीज मिळते. देवघरात आम्ही ज्याला झिरोचा दिवा म्हणतो, तोदेखील जवळपास तेवढीच वीज खातो. म्हणजे त्या दिव्याच्या विजेवर मी बावीस खेळाडू, प्रेक्षकांनी भरलेले स्टेडियम आणि ओल्या गवतावरची चकाकी मागत होतो.

भाचा वसतिगृहात परतला आणि उपचार फोनवरून सुरू झाले. सर्दीवर जसा प्रत्येकाजवळ एक काढा असतो, तसा लॅपटॉपवरही असतो, हे मला तेव्हा समजले. ग्राफिक्स चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नवा घातला, आकडा 15 झाला. मागे चालू असलेले नऊ प्रोग्राम बंद केले, त्यांत माझे हिशेबही बंद झाले, आकडा 15 राहिला. एकदा तो अचानक 8 वर आला, तेव्हा मी घाबरून फोन केला, पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "मामा, वीज गेली आहे का?" वीज गेलीच होती. आषाढातल्या पावसात ती जातेच, आणि चार्जर निघाला की लॅपटॉप बॅटरी वाचवण्यासाठी चिपचा वेग आपण होऊन कमी करतो. तेव्हापासून खेळण्यापूर्वी मी आभाळ पाहू लागलो.

त्याहून गूढ प्रकार असा होता, की पहिली पाच मिनिटे 18 पर्यंत चढलेला आकडा सामना रंगात आला की 11 वर येऊन थांबायचा. चिप तापली की जळू नये म्हणून स्वतःच दमाने चालू लागते, असे भाच्याने सांगितले आणि लॅपटॉप कशावर ठेवता, असे विचारले. मी खरे ते सांगितले. उशीवर. त्यानंतर तो बराच वेळ बोलला नाही.

उशी काढली, पाट आणला आणि लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली चार करवंट्या पालथ्या घातल्या. पत्नीने ते दृश्य पाहून, "अहो, पूजा कधी आहे?" एवढेच विचारले. पण वारा खेळूनही आकडा फारसा हलेना, म्हणून एका रविवारी लॅपटॉपचे बूड उघडायचे ठरले.

दहा स्क्रू निघाले. ते सोलकढीच्या वाटीत ठेवले. वाटी धुतलेली होती, पण कोरडी नव्हती, हे नंतर लक्षात आले. कडेने नख फिरवीत झाकण उचलताना दर दोन इंचांवर 'कट्' असा आवाज येई आणि प्रत्येक आवाजाला मला वाटे, की आता गेला. भाच्याच्या हुकुमाप्रमाणे आधी बॅटरीची तार सोडवली. मग पंखा दिसला. पंख्यासमोर तांब्याच्या नळीला जोडलेली पातळ पत्र्यांची जाळी असते, तिथून गरम हवा बाहेर जाते. माझ्या लॅपटॉपमध्ये ती जाळी नव्हतीच, तिच्या जागी तांबूस रंगाचे एक अस्तर होते. चिमट्याने धरून ओढले तसे ते अख्खे निघून आले, पापडाएवढ्या जाडीचे आणि वाताड. त्यात चिऱ्याची तांबडी धूळ होती, मांजराचे केस होते आणि कुठल्या तरी चवथीला उडालेला माटवाच्या कागदाचा चंदेरी तुकडा होता. घराची तीन वर्षांची बखर त्या एवढ्याशा पट्टीत साठली होती. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून, म्हणजे फुंकरीने ती वेडीवाकडी फिरू नयेत म्हणून, मी सगळे साफ केले आणि झाकण लावले. स्क्रू नऊच भरले. दहावा अजूनही घरातच आहे, असे मी मानतो.

आता आकडा 18 वर चढला की तिथेच राहू लागला. मग पडद्याची बारीकी 1920 गुणिले 1080 ठिपक्यांवरून 1280 गुणिले 720 वर आणली. वीस लाखांऐवजी सव्वानऊ लाख ठिपके रंगवायचे म्हटल्यावर आकडा 25 झाला. खेळाडूंचे चेहरे ओळखू येईनासे झाले, पण ते मला आधीही ओळखता येत नव्हते.

पणजीत 18 जून रस्त्यावर एका दुकानदाराने लॅपटॉप हातात घेऊन, उलटा करून, पुन्हा माझ्या हातात देऊन सांगितले, की याला काही होणार नाही, नवा घ्या. मी किंमत विचारली आणि घरी आलो.

खरे दुखणे भाच्यालाच सापडले. त्याने मला टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचे पान उघडायला लावले. तिथे बारीक अक्षरात लिहिले होते, की दोन खाचांपैकी एकच वापरात आहे. लॅपटॉपमध्ये 8 जीबीची एकच पट्टी होती. "मग काय झाले? जागा तर उरते आहे," मी म्हणालो. तेव्हा भाच्याने, जो लहानपणापासून आमच्याकडे येताना रायबंदरच्या धक्क्यावर ताटकळला आहे, मला विचारले, "मामा, एकच फेरीबोट चालू असली की काय होते?"

त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याआधीची सगळी व्याख्याने वाया गेली होती. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. माझ्या ग्राफिक्सला ती नव्हती, त्याला सर्वांबरोबर सामायिक मेमरीतून ये-जा करावी लागत होती. चोडणला जमीन भरपूर आहे, प्रश्न पैलतीर गाठण्याचा असतो. माझ्या लॅपटॉपमध्ये होती त्या प्रकारच्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त 21 जीबी माल उतरतो. जोडीला तशीच दुसरी बसवली, की दोन्ही वाटा एकदम चालू होतात आणि ती मर्यादा 42 च्या वर जाते. आजवर प्रोसेसर स्कूटर लावून पुढे उभा होता आणि माझा गोलरक्षक मासळीच्या टोपलीमागे रांगेत होता. त्याला झेपावायला उशीर होणारच.

त्याच वेगाची दुसरी 8 जीबीची पट्टी मागवली. ती तिरकी खुपसून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या कड्या आपोआप बसतात. या कामाला मला झाकण उघडण्यापेक्षा कमी वेळ लागला. आकडा 38 झाला. साठ नव्हे, पण गोलरक्षक खांबापासून चेंडूपर्यंत हवेतून जाताना मी प्रथमच पाहिला. तो विरुद्ध बाजूला झेपावत होता. गेले कित्येक महिने तो तसाच झेपावत असणार, कारण बटण मीच दाबत होतो. त्या रात्री भाच्याने मला 5-0 ने हरवले. पूर्वीच्या मानाने हे तीन गोलांनी कमी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर एकच बोट चालू होती. रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती, पाव विकणाऱ्या पोदेराची सायकलदेखील अडकून पडली होती आणि शेजारचे गृहस्थ घड्याळ पाहत सगळ्या व्यवस्थेचा उद्धार करीत होते. मी त्यांना समजावून सांगितले, की दोष बोटीच्या आकाराचा नाही, दुसरी खाच रिकामी आहे. ते माझ्याकडे काही वेळ पाहत राहिले आणि मी पुढचे सांगू लागलो तेवढ्यात आपली स्कूटर माझ्यापुढच्या मोकळ्या जागेत घालून मोकळे झाले.