आजारी पडावे, पण ओपीडीच्या वेळेत

मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम, हा विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा आजार आपल्याला जडला असेल तर डॉक्टरांसमोर त्याचे नाव चुकूनही घेऊ नये. 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'च्या २०१५ च्या अहवालानुसार अमेरिकेतल्या एक तृतीयांशाहूनही कमी वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात हा आजार होता. तेव्हा आपल्या तोंडून ते नाव प्रथमच ऐकण्याची वेळ डॉक्टरांवर आणणे बरे दिसत नाही. 'हल्ली जरा थकवा वाटतो' एवढेच म्हणावे. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासले जाईल, सगळे आकडे चौकटीत बसतील, आणि 'रिपोर्ट एकदम नॉर्मल आहेत, तुम्हाला काहीही झालेलं नाही' हे ऐकून आपण आनंदाने घरी परतावे. न्हाल्यावर केस पुसायला हात वर धरवत नाहीत, हे कोणत्याच रिपोर्टात येत नसल्यामुळे सांगूही नये.

वेळेचे भान मात्र हवे. श्रमानंतर प्रकृती ढासळणे हे या आजाराचे मुख्य लक्षण, आणि ते बहुधा लगेच न दिसता १२ ते ४८ तासांनी दिसते. त्यामुळे सोमवारी दवाखान्याचा जिना चढून, बाकावर तासभर बसून आत गेलेला रुग्ण धड बोलतो, हसतोसुद्धा; आणि मंगळवारी रात्रीपासून पडदे ओढलेल्या खोलीत असा पडून राहतो, की मोबाइलचा उजेडही त्याला सोसत नाही. डॉक्टरांना दिसतो तो सोमवारचा. म्हणून कोसळायचेच असेल तर दोन दिवस आधी घरभराचे कपडे धुऊन, ओपीडीच्या वेळेचा हिशेब जुळवून कोसळावे. तशा अवस्थेत ओपीडीपर्यंत पोहोचायचे कसे, ही किरकोळ अडचण आपली आपण सोडवावी.

'पहाटे उठून चालायला लागा, सूर्यनमस्कार घाला, मन रमवा' हा सल्ला मिळाल्यास वाद घालू नये. टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याची शिफारस ब्रिटनमध्ये डॉक्टरांना उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे आखून देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २००७ साली केली होती खरी, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिनेच असा व्यायाम या रुग्णांना देऊ नये असे स्पष्ट लिहिले. पण इतकी ताजी बातमी आपल्या गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत एवढ्यात पोहोचावी, ही अपेक्षा उतावीळपणाची आहे.

आपण स्त्री असाल तर तक्रार आणखी जपून करावी. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात सुमारे ३०० जण या प्रकारच्या दुखण्याने आजारी पडले, आणि रुग्णालय दोन महिन्यांहून जास्त काळ बंद ठेवावे लागले. आजारी पडलेल्यांत बहुतेक तिथल्याच परिचारिका, डॉक्टर आणि इतर कर्मचारी होते. पुढे १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांच्यापैकी कोणालाही न तपासता, जुने कागद चाळून, हा सामूहिक उन्माद असल्याचा निष्कर्ष काढला. रुग्णांत स्त्रियांची संख्या जास्त, हा त्यांचा एक पुरावा. पांढरा कोट घातलेल्यांची जिथे ही गत, तिथे आपण तर केसपेपरवाले.

महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत वैद्यकीय व्याख्याने-परिषदांना हजर राहून ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. त्या व्याख्यानांतला एखादा तास या आजारासाठी ठेवावा, असे सुचवण्याचा आगाऊपणा करू नये. त्या व्याख्यानांना विषय काय कमी आहेत? तपासणीसाठी दहा मिनिटे मागणे तर त्याहून वाईट. रुग्णाला आधी थोडा वेळ निजवून, मग भिंतीला पाठ टेकवून दहा मिनिटे न हलता उभे करायचे आणि दर मिनिटाला नाडी व रक्तदाब टिपायचा, एवढ्यानेही उभे राहिल्यावर शरीराची होणारी तारांबळ अनेकांच्या बाबतीत आकड्यांत दिसते. त्याला लागते बीपीचे यंत्र, घड्याळ आणि एक मोकळी भिंत. पहिल्या दोन वस्तू दवाखान्यात असतातच. भिंतीवर मात्र औषध कंपनीचे कॅलेंडर असते, आणि ते काढायला सांगण्याचा अधिकार रुग्णाला नाही.