चौसष्ट बाइटांची पालखी

परवा रात्री साडेबारा वाजता माझ्या पडद्यावर ‘संत ज्ञानेश्वर महाराज प’ एवढीच अक्षरे उमटली आणि त्या ‘प’च्या मागे काळ्या शंकरपाळ्यात एक प्रश्नचिन्ह येऊन बसले. मी लिहिले होते ‘संत ज्ञानेश्वर महाराज पालखी सोहळा’. दिवे घाटातल्या १,८४६ रॉ फाइलींना, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फोटोंना, एका प्रोग्राममध्ये सलग तीन रात्री बसून निवडीचे तारे, रंगांची लेबले आणि मराठी कीवर्ड (शोधायचे शब्द) लावले होते. त्यातल्या निवडक फाइली रंगकामासाठी दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेल्या, तिथून टिफ, म्हणजे तयार फोटोंच्या फाइली, काढल्या, त्या तिसऱ्यात उघडल्या आणि तिथे माउलींची पालखी पहिल्याच अक्षरावर अडलेली दिसली.

कारण शोधण्यात दीड तास गेला. फोटोचे तारे, रंग, शब्द नोंदवण्याच्या पद्धती दोन : नवी एक्सएमपी आणि जुनी आयपीटीसी. टिफ काढताना दुसऱ्या प्रोग्रामने एक्सएमपीबरोबरच आयपीटीसीच्या जुन्या रकान्यांतही कीवर्ड भरले होते. हे रकाने वृत्तसंस्थांच्या सोयीसाठी आखलेले असून त्यांत एका कीवर्डला ६४ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो; देवनागरीत मात्र अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातले न दिसणारे हलन्त, प्रत्येकाला तीन बाइट लागतात. ‘महाराज’पर्यंत ५९ झाले, मोकळ्या जागेचा एक धरून ६०, ‘प’ने ६३ गाठले आणि उरलेल्या एका बाइटात त्या शहाण्याने तीन बाइटांचा काना कोंबायला घेतला. त्याच फाइलीत एक्सएमपीच्या कप्प्यात पूर्ण नाव धडधाकट असताना तिसऱ्या प्रोग्रामला नेमका हाच तुटका रकाना वाचावासा वाटला, आणि चूक झाल्याचे तिघांपैकी एकानेही चकार शब्दाने सांगितले नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. एकात वाढवलेला उजेड दुसऱ्यात हुबेहूब तसाच दिसावा, असे मी म्हणत नाही. प्रत्येकाचे गणित वेगळे, हे मला मान्य आहे. मी फक्त पाच तारे, चार रंग आणि काही शब्द इकडून तिकडे सुखरूप जावेत एवढेच मागतो. याच कामासाठी अ‍ॅडोबीने २००१ मध्ये एक्सएमपी आणले आणि २०१२ मध्ये त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मानक म्हणून मान्यताही मिळाली. तरीही रॉ फोटोशेजारी ही माहिती ठेवणाऱ्या सोबतच्या फाइलीला एक प्रोग्राम ‘आयएमजी ४२१७ डॉट एक्सएमपी’ म्हणतो, दुसरा रॉ फाइलीचे ‘सीआर२’ हे शेपूटही जोडून ‘आयएमजी ४२१७ डॉट सीआर२ डॉट एक्सएमपी’ म्हणतो, आणि एकाच फोटोशेजारी दोन एक्सएमपी सवतींसारख्या नांदू लागतात. एकीत चार तारे, दुसरीत शून्य. दुसऱ्या पद्धतीमागे तर्क आहे, कारण रॉ आणि जेपेग एकाच नावाचे असले तर पहिल्या पद्धतीत दोघांना मिळून एकच सोबतीण येते, हे मला कळते. कळल्याने राग कमी होत नाही. त्यात आणखी कोणत्या प्रोग्रामची स्वतःची पीपी३ फाइल, कोणाची डीओपी, असे करत एका फोल्डरमध्ये फोटोंपेक्षा त्यांच्या कागदपत्रांचीच गर्दी जास्त होते.

वेळेचे तर बोलायलाच नको. गेल्या वर्षी पहाटे साडेपाचला टिपलेला काकडा एका प्रोग्रामने अकरा वाजताचा करून ठेवला. कॅमेऱ्यातली वेळ ग्रिनिचची असणार, असे त्याने परस्पर ठरवले आणि वर साडेपाच तासांची भर घातली. कॅमेरा फोटोत लिहून ठेवतो त्या एक्झिफ माहितीत ग्रिनिचपासूनचा वेळेचा फरक नोंदवण्याची सोय २०१६ मध्ये आली. माझा कॅमेरा त्याआधीचा आहे, हा जणू माझाच गुन्हा. आणि ‘तू नुसत्या रॉ पाठव, मी मोबाइलवर झटकन करतो’ म्हणून त्या घेणारा, घेतल्यावर फाइलींना ‘घाट १’, ‘घाट २’ अशी नावे देऊन सोबतच्या एक्सएमपी अनाथ करणारा मावसभाऊ प्रत्येकाला असतोच. माझ्याकडे दोन आहेत.

रंगांच्या बाबतीत मात्र आवाज जरा खाली आणावा लागतो. दुसऱ्या प्रोग्राममध्ये सगळे रंग उडालेले पाहून मी आधी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नंतर एक्सएमपी नोटपॅडमध्ये उघडून पाहिली, तेव्हा कळले की तिथे रंग साठवलेला नसतो, रंगाचे नाव साठवलेले असते. प्रोग्राम बिचारा ‘रेड’, ‘यलो’, ‘ग्रीन’ शोधत होता. आणि मी हौसेने लेबलांची नावे बदलून ‘नक्की’, ‘बघू’, ‘छापायचे’ आणि ‘काकांना नको’ अशी ठेवली होती. जगातल्या कोणत्या मानकात ‘काकांना नको’ बसायचे? शिवाय केलेले बदल आपोआप एक्सएमपीत उतरवण्याच्या चौकटीत मी टिकच केलेली नव्हती, त्यामुळे तिसऱ्या रात्रीचे सगळे तारे अजून पहिल्या प्रोग्रामच्या कॅटलॉगमध्येच, म्हणजे त्याच्या खासगी नोंदवहीत, पडून होते. ती चौकट मुळात रिकामी का ठेवतात, हा प्रश्न मी रागाचा थोडा साठा शिल्लक राहावा म्हणून राखून ठेवला आहे.

लेबलेच उडाल्यामुळे घरच्यांसाठीच्या फोल्डरमधून गाळायचे फोटो गाळले गेले नाहीत. सासवडच्या मुक्कामी पिशवीवर डोके टेकून, तोंड उघडे टाकून घोरणारे काका सगळ्या नातेवाइकांकडे पोहोचले. काल सकाळी काकांचा फोन आला. मी क्षमा मागायच्या तयारीत होतो. ते म्हणाले, ‘‘अरे, तो झोपलेला फोटो काय झकास आलाय, मोठा छापून दे की.’’ तेव्हापासून मी बसलो आहे. त्या फोटोला दोन एक्सएमपी आहेत आणि चांगले रंगकाम कोणतीत आहे, ते अजून सापडलेले नाही.