टर्फच्या जाळीवरच्या तक्रारीला आमचं जाहीर उत्तर

राम राम भाऊ,

तुमच्या टर्फला, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाला, आम्ही बसवलेल्या जाळीच्या कुंपणाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एकच तारा दिलाय, तोही बहुतेक शून्य देण्याची सोय नाही म्हणून. तुमचं म्हणणं असं: रस्त्याकडची जाळी पहिल्याच वादळात आत झुकली, तीन महिन्यांत सांध्यांना गंज चढला, जाळी खांबाच्या उलट्या बाजूने लावली, आठवड्याचं काम महिनाभर रेंगाळवलं, दर इतरांपेक्षा जास्त घेतला, आणि एवढं करून बॉल शेजारच्या केळीत जातोच. फोनवर आपलं बोलणं झालंच आहे. पण हे वाचून यावल-चोपड्याकडचे दुसरे टर्फवाले विचारायला लागले, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितो.

आधी झुकलेल्या जाळीचं. तुमचं मैदान १०० बाय ६० फूट, म्हणजे घेर ३२० फूट. दर ८ फुटांवर एक असे ४० खांब. चारही बाजूंना तोच पाइप, तोच ३ फूट खड्डा, तेच काँक्रीट. वादळही सगळ्यांना एकच आलं. तरी तीन बाजू ओळंब्यात उभ्या आहेत आणि एकच झुकली, ती रस्त्याकडची. त्या बाजूला जूनच्या सुरुवातीला तुम्ही १० फुटी जाळीच्या वरच्या ४ फुटांत सलग फ्लेक्स बांधले. वाढदिवस, क्लासेस, मोबाइलचं दुकान, सगळे एकाला एक लागून. फोटो तुमच्याच रिव्ह्यूत आहे, बघणाऱ्यांनी मोठा करून बघावा.

जाळी वारा अडवत नाही, म्हणून ती पातळ पाइपवर उभी राहते. १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटरची, घर २ इंची. हिशेब केला तर जाळीच्या पूर्ण क्षेत्रात तारेने व्यापलेली जागा साधारण आठवा हिस्सा भरते. बाकी सगळी हवा. फ्लेक्स मात्र शंभर टक्के अडवतो. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र इंजिनिअर लोक वापरतात ते सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६ (वेग सेकंदाला मीटरमध्ये, दाब चौरस मीटरला न्यूटनमध्ये). ताशी १०० किलोमीटरच्या झोताला ते चौरस फुटाला साडेचार किलोच्या आत-बाहेर येतं. दोन खांबांमधल्या ८ बाय ४ च्या फ्लेक्सवर झाले १४० किलो. तेवढ्याच उघड्या जाळीवर १५-२० किलो. आणि हे १४० किलो कुठे, तर जमिनीपासून ८ फुटांवर. पहार जितकी लांब तितका दगड लवकर उखडतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं! तोच फ्लेक्स खालच्या ४ फुटांत बांधला असता तर हात ८ ऐवजी २ फुटांचा झाला असता, म्हणजे मुळाशी जोर चौथा हिस्सा.

तुमच्या शेजारच्या केळीवाल्या काकांनी बागेच्या कडेने शेवरी आणि गजराज गवत लावलंय, भिंत बांधली नाही. मे-जूनमध्ये रावेर-मुक्ताईनगरकडे बागाच्या बागा आडव्या होतात, ते बघून शहाणा झालेला माणूस वारा गाळून घेतो, अडवत नाही. फ्लेक्स लावायचे आहेत हे काम ठरवताना कळलं असतं तर त्या बाजूचा पाइप वरच्या क्लासचा, म्हणजे जास्त जाडीचा, घेतला असता, खड्डा खोल घेतला असता, बाहेरून तिरके टेकू दिले असते. खर्चही वाढला असता, ते वेगळं.

आता जमिनीबद्दल, कारण तिथेच सगळा खेळ आहे. साक्रीकडे आम्ही खांब रोवतो तेव्हा बऱ्याच ठिकाणी दोन फुटांत मुरूम लागतो, खांब दगडात बसतो. तापीकाठी तसं नाही. सातपुड्यापासून नदीपर्यंत गाळाची खोल माती. खड्डे घेताना आमचा मिस्त्री म्हणालाच होता, "भाऊ, आठे मुरूमच लागत नही." वर काळी माती, जी उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. त्या ओल्या मातीत वरून ढकललं की पाइप वाकत नाही, पाइपासकट काँक्रीटचा गड्डाच कलंडतो. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. पाइप एकही वाकलेला नाही, पायथ्याशी एका बाजूला फट पडलीय. "हलका पाइप वापरला" असं लिहिलंय तुम्ही. हलका असता तर तो मातीच्या आधी वाकला असता.

गंजाचं उत्तर छोटं आहे. आमच्या कामात साइटवर वेल्डिंग नाही. खांबाला जाळी क्लॅम्प आणि नट-बोल्टने बसते, आडव्या तारा बांधलेल्या असतात. गंज चढलाय तो फ्लेक्ससाठी आणि लाइटसाठी नंतर वेल्ड केलेल्या अँगलला, आणि त्याच्या आजूबाजूच्या दोन-दोन इंच पाइपला. पाइपवर गंज अडवायला जस्ताचा थर असतो, तेच गॅल्व्हनायझिंग. जस्त ४२० अंशांना वितळतं, ९०७ ला वाफ होऊन उडतं. वेल्डिंगचा पांढरा धूर दिसतो त्यात तेही असतं. तेवढ्या पट्ट्यात पाइपचं गॅल्व्हनायझिंग संपलं, उघडं लोखंड राहिलं, पहिल्या पावसात लाल झालं. ज्याने ते केलं त्याने वरून साधा चंदेरी रंग मारला. तो रंग दिसायला जस्तासारखा असतो, एवढंच.

"जाळी उलटी लावली, बाहेरून खांब दिसतात" ही तक्रार वाचून आमच्या पोरांना हसू आलं, पण प्रश्न रास्त आहे, कारण शेताचं कुंपण लोक वेगळ्या तऱ्हेने बघत आलेत. फुटबॉलच्या मैदानाला जाळी खांबाच्या आतल्या अंगानेच लागते. बॉल आदळला की जाळी खांबावर दाबली जाते, बांधणीच्या तारांवर ताण येत नाही. बाहेरून लावली असती तर प्रत्येक फटक्याला एकेक तार सुटत गेली असती. दुसरं, पळत आलेलं पोरगं जाळीवर आदळावं, पाइपवर नाही. जाळीच्या वरच्या-खालच्या कडा टोकं मोडून दुमडलेल्या आहेत, तेही त्यासाठीच. टोकदार कडेची जाळी वाडीला ठीक. मुलं खेळतात तिथे आम्ही ती लावत नाही, गिऱ्हाइकाने मागितली तरी.

उशीर. चैत्र-वैशाखाच्या उन्हात काँक्रीट टाकलं की पाण्याचं बाष्प होऊन ते लवकर कोरडं पडतं आणि कमजोर राहतं. कोरड्या उष्ण हवेत किमान १० दिवस पाणी मारा असं आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातच लिहिलंय, आणि आपल्याकडे पारा ४४-४५ ला असतो. तेवढे दिवस खांबांच्या बुडाशी ओली गोणपाटं होती, तुमच्याच बोअरचं पाणी होतं. त्या काळात जाळी ताणायची नसते. कोपऱ्याच्या खांबाला ताण देताना कच्चं काँक्रीट जागेवर हलतं आणि मग ते कायमचं ढिलं राहतं. त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला खान्देशातला मजूर साइटवर थांबत नाही, थांबवूही नये, आणि ही गोष्ट ॲडव्हान्स घेतानाच तुम्हाला सांगितली होती. आठवडा हा शब्द आमच्या कोटेशनमध्ये कुठेच नाही.

दराचं मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण इथे बरेच जण फसतात. तुम्ही दुसऱ्याचा जो कागद मला पाठवला होता त्यात लिहिलं होतं, "२ इंची जीआय पाइप, चेन लिंक जाळी, फिटिंगसह." जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पण कुठला पाइप? २ इंचीत हलका पाइप २.९ मिलिमीटर जाडीचा येतो, त्यावर पिवळा पट्टा. मध्यम ३.६, निळा पट्टा. जड ४.५, लाल पट्टा. हलका मीटरला ४ किलोच्या आसपास, मध्यम ५ च्या आसपास. रंगवल्यावर तिन्ही सारखे दिसतात, म्हणून माल उतरताना पट्टा बघायचा. जाळीतही तसंच. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. १० गेज ३.२५ मिलिमीटर, १२ गेज २.६४. ऐकायला दोनचा फरक, पण त्याच घराच्या त्याच मापाच्या जाळीत १० गेजला दीडपट लोखंड लागतं. शंका आली तर बंडल काट्यावर ठेवा, तोंडी कोणाचं ऐकू नका, माझंही नाही. त्या कागदावर क्लास नाही, गेज नाही, खड्ड्याची खोली नाही. तो दर कमी आहे हे मला मान्य आहे. तो कशाचा दर आहे, हे त्या कागदावरून मला तरी कळलं नाही.

बॉल केळीत जातो, कारण वर नेट नाही. पहिल्या कोटेशनमध्ये गोलच्या मागे २० फूट उंच जाळी आणि वरून नायलॉनचं नेट होतं. ते तुम्ही खोडून सगळीकडे १० फूट केलं. फुटबॉलपुरतं ते बऱ्यापैकी चाललंही असतं. पण रात्री तिथे बॉक्स क्रिकेट सुरू झालं, आणि टेनिस बॉल १० फुटांवरून काढायला कोणालाही जोर लागत नाही. काकांची पानं फाटतात त्याबद्दल त्यांचा रागही बरोबर आहे.

पुढे काय करायचं ते. फ्लेक्स आज उतरवा, पाऊस संपेपर्यंत थांबू नका. ओल्या काळ्या मातीत खांब सरळ करून उपयोग नाही, पुढच्या वाऱ्यात पुन्हा कलंडेल. पितृपक्ष संपला की दसऱ्याच्या आसपास माती धरते, तेव्हा माणसं पाठवतो. रस्त्याकडे तुमची ४ फूट जागा सुटलेली आहे, तिथून एकाआड एक खांबाला तिरका टेकू देऊ. पाइप आणि सिमेंट तुमचं, मजुरी आम्ही लावणार नाही. फ्लेक्स त्यानंतरही हवेच असतील तर खालच्या ३-४ फुटांत बांधा आणि दोन फ्लेक्समध्ये एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधली जागा, मोकळा ठेवा. वेल्ड केलेला अँगल काढून क्लॅम्पचा बसवून घ्या, ते काम कोणालाही द्या. उघड्या पडलेल्या पाइपला तारेच्या ब्रशने घासून जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर मारा, चंदेरी रंग नको. नेटचा दर आता बदललाय, नवा कागद पाठवतो. नेट टाकायचं असेल तर त्याचे उंच खांब वेगळे रोवावे लागतील, आताच्या पाइपवर जोड देऊन ते होणार नाही.

तोवर रस्त्याकडच्या जाळीला टेकून पोरांना बसू देऊ नका.