गिअर जड पडतो म्हणून क्लच प्लेट बदलू नका, आधी इंजिन बंद करून पाहा

पाऊस लागला, पांदण चिखलानं भरली, की गावोगावच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो: “गिअर जड पडतो म्हणजे क्लच प्लेट संपली. तोवर गिअरबॉक्समध्ये 140 नंबरचं जाड तेल टाका. रिव्हर्स टाकताना खर्र वाजलं तर गिअरबॉक्स गेलाच समजा.”

क्लच प्लेट संपली? झिजलेली प्लेट घसरते. कापूस भरून चढावर इंजिन बोंबलतं, पण गाडी त्या मानानं ओढत नाही. गिअर मात्र आरामात पडत राहतात. गिअर जड पडतो तेव्हा तक्रार बहुधा उलटी असते: पेडल दाबूनही प्लेट इंजिनपासून पूर्ण सुटत नाही.

सपाट जागी चाकाला दगड लावा, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. एखादा दातावर दात येऊन अडला तर गाडी वीतभर ढकला, तो दोष नव्हे. आता क्लच दाबून इंजिन चालू करा आणि तेच पुन्हा करा. बंद असताना सहज आणि चालू असताना जड, तर क्लच सुटत नाही. दोन्ही वेळा जड, तर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतची केबल, रॉड आणि बुश बघा. काळ्या मातीचा चिखल या सांध्यांवर वाळला की दगड होतो. तो धुवा, ग्रीस लावा, मग पुन्हा गिअर टाकून पाहा.

क्लच सुटत नसेल आणि क्लच केबलचा असेल, तर पेडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लच ओढायला लागण्याआधीची ढिली चाल, मोजा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. केबल ताणली गेली असेल तर अ‍ॅडजस्टरवर काम भागतं. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी फ्लुइडच्या दाबावर चालणारा, असेल तर फ्लुइडच्या डबीतली पातळी बघा. पेडल तीन-चारदा भरभर दाबल्यावर गिअर पडला, तर लाइनमध्ये हवा तरी आहे किंवा सिलिंडर गळतो आहे. गिअरबॉक्सजवळ क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर बाहेर असेल, तर त्याचं रबर सरकवा. आत ओलं दिसलं तर चोर सापडला. डबीवर लिहिलेलं डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक फ्लुइडच टाका. इंजिन ऑइल टाकलं तर रबरं फुगतात. हे सगळं नीट असूनही क्लच सुटत नसेल, तेव्हाच प्रेशर प्लेट, वाकलेली प्लेट किंवा आतलं बेअरिंग, म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं.

140 चं तेल? हा सगळ्यात महाग सल्ला. गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगला गिअरच्या शंकूसारख्या भागावरचं तेल क्षणात बाजूला सारून पकड घ्यायची असते. जाड तेल तिथून हटत नाही, मग थंडीतल्या सकाळी गिअर आणखीच जड. बऱ्याच छोट्या गाड्यांना 75डब्ल्यू-90 किंवा त्याहून पातळ, जीएल-4 दर्जाचं तेल लागतं. काही जीएल-5 तेलांतली रसायनं पितळ खातात.

रिव्हर्सची खर्र? बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. क्लच दाबून पाच मोजा, मग टाका. वाजलं नाही, तर तुमची घाई होती. तरी वाजलं, तर पुन्हा क्लचच सुटत नाही.

गिअरबॉक्सचा खरा आजार वेगळा दिसतो. चालत्या गाडीत एकच गिअर, समजा दुसरा, दरवेळी खरखरतो, बाकीचे ठीक: त्याची सिंक्रो रिंग गेली. गिअर आपोआप सुटतो: आधी इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग बघा, मग आतला फोर्क आणि स्प्रिंग. तेल काढून बोटांत चोळा. पिवळी चमक म्हणजे पितळ, चुंबकाला चिकटणारे कण म्हणजे लोखंड. मात्र तेल काढण्याआधी तेल भरायचा वरचा बोल्ट सैल होतो का ते पाहा. खालचा आधी काढला आणि वरचा जाम निघाला, तर गाडी कोरड्या गिअरबॉक्सनं तिथंच अडकते.