आकडा हलला की श्रेय तयार!

दुचाकीस्वारांचे मृत्यू घटले? हेल्मेटसक्तीचा विजय! वाढले? पोरं बेफाम झालीत! संपलं विश्लेषण. अहो, २०२० मध्ये देशातले रस्ते अपघातांतले मृत्यू उतरले, तेव्हा लोक काय एका रात्रीत शहाणे झाले होते? लॉकडाउन होता, रस्ते ओस पडले होते! २०२२ मध्ये तोच आकडा १,६८,४९१ वर गेला, त्यात जवळपास ७५ हजार दुचाकीवाले. मग ती शिस्त गेली कुठे, गावाला?

मुळात मृत्यूचा दर काढायला या मृत्यूंना भागायचं कशाने? नोंदणी झालेल्या गाड्यांनी? कधीच भंगारात गेलेली लूनासुद्धा कागदावर जिवंत असते! गाड्या किती किलोमीटर धावल्या ते मोजा की. पाऊस लांबला, पेट्रोल महागलं, डिलिव्हरीची कामं वाढली, की धावणं बदलतं आणि मृत्यूही. पण ते मोजतो कोण?

२०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. छान! पण जुन्या गाड्या रस्त्यावरून जायला दहा-पंधरा वर्षं लागतात. परिणाम पुढच्याच मार्चमध्ये कसा दिसेल?

आणि छोट्या तालुक्यात १५ चे १२ झाले की लगेच ‘२० टक्के घट’चा फ्लेक्स! निव्वळ योगायोग, पण सत्कार साहेबांचा. पुढच्या वर्षी १७ झाले की साहेब म्हणणार, जनतेला शिस्तच नाही.